डाएट सोडलं, आता जेवायचं कसं?

बेळगावच्या शहापुरात माझं ब्लाउज शिवायचं लहानसं दुकान आहे. वीस वर्षांत एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत मला ते कळतं. "अक्का, कमरेला इंचभर कमीच धर. लग्नापर्यंत उतरणार आहे मी." मी मान डोलावते, वहीत खरं माप लिहिते आणि दोन्ही बाजूंना आत इंचभर कापड जास्त सोडते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तीच बाई धापा टाकत येते. मी शिवण उसवते. दोघीही काही बोलत नाही.

बोलणार तरी काय? चौदा वर्षं मीही तेच करत होते. एक दिवस नुसती फळं, एक दिवस नुसत्या भाज्या, एक दिवस केळी आणि दूध असं सात दिवसांचं डाएट केलं. रात्रीचं जेवण बंद करून बघितलं. ओळखीतल्या एकीनं गळ्यात मारलेली शेकची पावडर सहा महिने प्यायले. भात, बटाटा, साखर, शेंगदाणे सगळ्यांवर आळीपाळीनं बंदी आली. एकदा नऊ किलो उतरले, दीड वर्षात अकरा चढले. मग एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. कागदावर नवं डाएट लिहून देण्याऐवजी त्यांनी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लं?" दुपारचे दोन वाजले होते आणि पोटात फक्त चहा होता.

त्यांनी शिकवलेलं आणि माझ्या चुकांनी शिकवलेलं असं दोन्ही इथं लिहिते. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. वर्षानुवर्षं डाएट करून दमलेल्या आणि आता साधं जेवायचं कसं हेच विसरलेल्या माणसाला सुरुवात करता यावी, एवढ्यासाठी हे लिहिलंय.

आमच्या बेळगाव भागात मराठी घरातल्या पंगतीतही "पुरे" इतकंच "साकु" ऐकू येतं. शब्द कन्नड, पण पानावर आडवा धरलेला हात सगळ्यांचा सारखाच. डाएटनं माझं नेमकं तेच नेलं. एकतर खायचंच नाही, नाहीतर सुरू केलं की थांबायचं नाही. मधलं "साकु" पोटातून ऐकूच येईना. ते परत आणायला कमी खाऊन चालत नाही. आधी बरेच दिवस वेळेवर, पोटभर जेवावं लागतं. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून पुढच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

आधी एकदा दवाखाना

हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइडची टीएसएच आणि तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए१सी एवढं तपासून घ्या. केस गळणं, जिना चढताना दम लागणं, कायम थंडी वाजणं हे मी "वय झालं" म्हणून सोडून दिलं होतं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता, म्हणजे मी एकटी नव्हते. पण अर्धपोटी राहून मी त्यात भर घालत होते हेही खरं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा आणि प्रमाण बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. औषध घेऊन जेवण चुकवलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि जेवण बदललं की कधी कधी डोसही बदलावा लागतो. किडनीचा विकार किंवा गर्भारपण असेल तरी हेच.

जेवून मुद्दाम उलटी काढत असाल, बारीक होण्यासाठी जुलाबाच्या गोळ्या घेत असाल, पाळी तीन महिने आली नसेल किंवा उठता-बसता चक्कर येत असेल, तर हा लेख नंतर वाचा, आधी डॉक्टर गाठा. कित्येक दिवस जवळजवळ उपाशी राहून वजन बरंच घटलं असेल तर एकदम भरपूर खायला लागू नका. रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

मनाचा गुंता असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो, भाषा निवडता येते. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे ही अडचण लहान नाही. पुष्कळदा डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात आणि आपल्याला रडू येतं ते मराठीत.

पहिली पायरी: काटा माळ्यावर

मी दिवसातून तीनदा वजन करायची, परसाकडे जाऊन आल्यावर पुन्हा एकदा. हसू नका, तुमच्यातल्याही काहीजणी करतात.

काटा काय मोजतो ते एकदा समजून घेतलं की त्याचा धाक निम्मा होतो. भाकरी-भातातून मिळालेली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि त्याच्या एकेका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भाकरी-भात बंद केला की हा साठा संपत जातो, त्यातलं पाणी निघून जातं, आणि चार दिवसांत काटा दीड-दोन किलो खाली येतो. आपण खूश, शेजारीण थक्क. पाचव्या दिवशी माहेरी दोन भाकऱ्या खाल्ल्या की साठा भरतो, पाणी परत येतं, काटा वर जातो आणि भाकरी गुन्हेगार ठरते. त्या दोन किलोंत चरबीचा वाटा किरकोळ होता. मी चौदा वर्षं पाण्याशी भांडत होते.

त्यात लोणचं-पापड जास्त झाले, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, तरी काटा किलो-दीड किलो हलतो. म्हणून निदान तीन महिने तो नजरेआड करा. घरातल्या कुणालातरी लपवायला सांगितलं तर उत्तम. हृदयाच्या किंवा किडनीच्या त्रासासाठी डॉक्टरांनीच रोज वजन करायला सांगितलं असेल तर ते मात्र चालू ठेवा.

दुसरी पायरी: घड्याळ बघून जेवा

सगळी इमारत या पायरीवर उभी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालावं हे त्याला शोधायचं होतं. ती मुलं स्वतःहून तयार झालेली होती. थोड्याच दिवसांत त्यांना जेवणाशिवाय दुसरा विषय सुचेना. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागलं, कुणी ताट चाटून पुसून खाऊ लागलं, चिडचिड वाढली, कशात मन लागेना. आणि पुढे अन्न मोकळं केल्यावर त्यांच्यातले कित्येक पोट तुडुंब भरलं तरी "अजून भूक आहे" म्हणत होते. ही मुलं हावरट नव्हती. अर्धपोटी शरीर असंच वागतं.

त्यांना दिवसाला किती मिळत होतं? साधारण १,६०० कॅलरी. माझ्या शेवटच्या डाएटच्या कागदावर १,००० लिहिल्या होत्या.

२०११ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात असंही दिसलं, की कडक डाएटनं वजन उतरवलेल्या माणसांची भूक वाढवणारी आणि पोट भरल्याचं सांगणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही पूर्ववत झाली नव्हती. रात्री अकराला डब्यातला चिवडा खाणाऱ्या बाईला "मनावर ताबा नाही" म्हणताना हे आठवावं.

म्हणून पहिले काही आठवडे भुकेची वाट बघायचीच नाही. ती मोडलेली आहे. कधी दिवसभर कळत नाही आणि रात्री अंगावर येते. घड्याळ लावा. उठल्यावर तास-दीड तासात नाश्ता, दुपारी जेवण, संध्याकाळी काहीतरी, रात्री जेवण, आणि दोन खाण्यांमध्ये पाच तासांहून जास्त अंतर नको. माझं असं बसलं: आठला नाश्ता, एकला जेवण, पाचला मूठभर शेंगदाणे किंवा केळं किंवा उकडलेलं रताळं, साडेआठला रात्रीचं जेवण. मशीनवर बसलेली असले तरी पाचला पाय पॅडलवरून उचलायचा.

चहा आणि बेकरीतलं कडक बटर म्हणजे नाश्ता नव्हे. मी दहा वर्षं तसं मानलं. बटर आवडत असेल तर खुशाल खा, पण बरोबर उप्पीट, थालीपीठ, इडली-सांबार, नाहीतर रात्रीची भाकरी दह्यात कुस्करून, असं काहीतरी खरंखुरं पोटात जाऊ द्या. सकाळी आठला घास उतरत नाही, असं पुष्कळजणी सांगतात. रात्री उशिरा भरपूर खाल्लं की सकाळी उतरत नाहीच. हे चक्र सकाळच्या टोकाकडून तोडायचं. पहिले चार दिवस अर्धी वाटी उप्पीट चालेल, पण वेळ चुकवू नका.

पहिले दोन आठवडे पोट फुगल्यासारखं वाटेल, गॅस होईल, भीती वाटेल की आपण फुग्यासारख्या फुगणार. नेमक्या याच दिवसांत मी दोनदा पळून गेले आणि पुन्हा डाएटवर बसले. तिसऱ्यांदा टिकले, कारण त्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की हे होणार.

तिसरी पायरी: ताटात काय

खानापूरकडच्या माणसाला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, अथणी-गोकाककडच्याला भाकरीशिवाय. डाएटचा कागद दोघांना एकच सांगतो: बंद. आणि मग ओट्स, क्विनोआ, ब्रोकोली. आमच्या आठवडी बाजारात ब्रोकोली मागा, भाजीवाली तुम्हाला फ्लॉवर देईल आणि वर "हिरवा पाहिजे तर चार दिवस थांबा" म्हणेल.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सूचना काढल्या. दिवसाला २,००० कॅलरींच्या हिशेबात त्या म्हणतात: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा त्याऐवजी अंडी, मांस-मासे) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलीटर, शेंगदाणे-तीळ असलं ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. धान्य २५० ग्रॅम! हा आकडा बघून मला रडू आलं होतं. एवढ्या भाकऱ्या आठवडाभरातही मी मनमोकळेपणानं खाल्ल्या नव्हत्या.

हे आकडे रोज मोजायचे नाहीत, नाहीतर हेही एक डाएटच झालं. एकदाच अंदाज घ्यायचा. मी एका रविवारी भाकरीचं पीठ वजन करून बघितलं. माझ्या हाताची एक भाकरी ६० ग्रॅमची निघाली. सुमारे २०० कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं. ५५ किलोच्या बाईला दिवसाला जवळपास ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. तीन भाकऱ्यांतून १८, मटकी किंवा मसुराच्या दोन वाट्यांतून १३, मूठभर शेंगदाण्यांतून ७, दूध-दह्यातून ९. झाले की ४७! ना पावडर, ना पनीर. ज्या शेकसाठी मी महिन्याला दोन ब्लाउजांची शिलाई घालवत होते, ते सगळं सासूबाईंच्या फडताळात पडून होतं.

तेव्हा ताट साधं ठेवा. भाकरी किंवा भात, जे तुमच्याकडे चालतं ते. एक उसळ, आमटी किंवा अंडं. एक-दोन भाज्या, त्यात आठवड्यातून चार-पाचदा मेथी, शेपू, पोकळा, अंबाडी असली पालेभाजी. दही किंवा ताक. शेंगांची नाहीतर कारळ्याची चटणी, आणि ती तेल घालूनच. डाएटवाल्या बाईला कोरडी चटणी पाण्यात कालवून खाताना मी बघितलंय. ती मीच होते. तेलाचे २७ ग्रॅम म्हणजे साधारण सहा चहाचे चमचे, त्यात फोडणीही आली आणि चटणीवरची धारही. जेवणात तेल अजिबात नसलं की तासाभरात पुन्हा डबे उघडायला हात जातो.

हुलग्यांची, म्हणजे कुळथांची, एक शिफारस करते, कारण त्यांना फार कमी लेखतात. १०० ग्रॅम हुलग्यांत २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. मोड आणून उसळ करा, थंडीत माडगं करा. घोड्याचं खाणं म्हणून नाक मुरडणारी आमची पोरं माडग्याचं भांडं निपटून खातात.

चौथी पायरी: बंदी उठवा, पण एकेक करून

दोन-तीन आठवडे वेळा सांभाळल्या, पोट भरलेलं राहायला लागलं, की मगच इकडे या. उपाशीपोटी बंदी उठवली तर ती फुटलेल्या बांधासारखी उठते.

माझा शत्रू होता कुंदा, आमच्याकडची खव्याची मिठाई. बेळगावात राहून कुंद्याशी वैर म्हणजे समुद्रात राहून मिठाशी. पाहुणे आणायचे, मी "नको, साखर सोडलीय" म्हणायची, आणि रात्री सगळे झोपले की फ्रिजच्या उजेडात उभी राहून चमच्यानं खरवडायची. पेटीच्या कोपऱ्यातला कडक झालेला, तपकिरी भाग आधी. चव कळायची ती पहिल्या दोन चमच्यांची. पुढचं नुसतं भरणं असायचं, कारण उद्यापासून पुन्हा बंद करायचं होतं.

आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, मुद्दाम आणा. पाव किलो, घरात सगळ्यांसाठी. दुपारी पोटभर जेवा. मग एका वाटीत वाढून घ्या, बसा, फोन बाजूला ठेवा आणि खा. पुन्हा पाहिजे तर पुन्हा घ्या. उद्या परत याच वेळी मिळणार आहे, हे स्वतःला तोंडानं सांगा.

पहिल्या दिवशी मी तीन वाट्या खाल्ल्या आणि त्यांना रागानं फोन केला. त्या म्हणाल्या, "उद्या परत." चौथ्या दिवशी वाटीत थोडा उरला. मी वाटीकडे बघतच बसले. खव्याचा तो रवाळ, जरासा करपट वास येत होता, छान वाटत होता, पण आणखी नको होता. "साकु" हा शब्द आतून आला तो त्या दिवशी, चौदा वर्षांनी.

तुमची यादी वेगळी असेल. बटाटा, केळं, तूप, पुरणपोळी, गोकाकचा करदंट, संध्याकाळची मिरची भजी. सगळ्यात कमी भीतीच्या पदार्थापासून सुरुवात करा, एका वेळी एकच, आणि तो रोजचा वाटायला लागेपर्यंत दुसऱ्याकडे जाऊ नका. साखरेचा आजार असेल तर ही पायरी आहारतज्ज्ञाला विचारून करा. गोड कधी, किती, कशाबरोबर हे तिथं खरोखरच महत्त्वाचं असतं, पण "आयुष्यभर बंद" हे त्याचं उत्तर सहसा नसतं.

पाचवी पायरी: साकु ऐकायला शिका

आता, महिना-दीड महिन्यानं, पोटाकडे लक्ष द्यायचं. अर्धं ताट झालं की पाण्याचा घोट घ्या आणि थांबा. तीन प्रश्न: चव अजून पहिल्यासारखी लागतेय का? पोट हलकं आहे, बसलंय की ताणलंय? आत्ता उठले तर दोन तासांत पुन्हा भूक लागेल का? उत्तर काहीही येवो, खावंसं वाटलं तर खा. या टप्प्यावर नुसतं विचारायची सवय लावायची आहे, पाळायची नाही. पाळणं आपोआप येतं. माझ्या बाबतीत त्याला चार महिने लागले.

एक अडचण येते. कधी पोट भरलेलं असूनही काहीतरी पाहिजे असतं. माझं हे नेहमी दुपारी चार वाजता, गिऱ्हाईक भांडून गेलं की. तेव्हा खाणं गुन्हा नाही, पण आधी उठून दुकानाबाहेर जाऊन येते. अर्ध्या वेळा तेवढंच लागलेलं असतं. उरलेल्या अर्ध्या वेळा येऊन चुरमुरे खाते.

माणसांचं काय करायचं

आमच्याकडे भेटल्यावर पहिला प्रश्न "जेवलीस काय?" हाच. कन्नड शेजारीण "ऊटा आतेन री?" म्हणते. त्यात माया आहे. पण दुसराच प्रश्न "किती सुटलीस गे!" नाहीतर "किती वाळलीस गे!" असतो. सुटलीस म्हटलं की लागतं हे उघड आहे. वाळलीस म्हटलं की जास्त धोका, कारण ते आवडतं आणि मग माणूस तेच पुन्हा ऐकायला जेवण सोडतो.

मी दोन वाक्यं पाठ करून ठेवलीत. अंगावर बोललं तर: "असू दे. तुझं सांग, पोरगी कितवीला गेली?" विषय मुलांवर गेला की अर्धा तास निश्चिंती. आणि पंगतीत हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, तिसरी पळी आली की हात आडवा धरून: "साकु वैनी, फार छान झालीय. घरी जाताना डब्यात घालून द्या." डब्याचं म्हटलं की वाढणारीचा मान राहतो आणि पोटाचाही. नुसतं "नको" म्हणाल तर ती पळी पानात पडणारच.

नवऱ्याला आणि सासूला आधीच सांगून ठेवा की माझ्या ताटावर दोन्हीकडून बोलायचं नाही, कमी खा असंही नाही आणि आणखी घे असंही नाही. आमच्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. पटलं ते वाद घालून नाही, मी रात्री त्यांच्याबरोबर बसून भाकरी खायला लागले तेव्हा.

मुलींसमोर स्वतःच्या पोटाला चिमटा काढून "बघ किती चरबी" म्हणणं मात्र आजच बंद करा. माझी लेक आठ वर्षांची असताना आरशासमोर तेच करत होती.

उपासाचं थोडक्यात. गुरुवार, संकष्टी, एकादशी, नवरात्र. स्वतःला खरं विचारा, हा उपास देवाचा की काट्याचा? माझे गुरुवार काट्याचे होते, दत्ताचं नाव फुकट घेत होते. पहिले सहा महिने उपास बंद ठेवा किंवा जेवून एखादा पदार्थ वर्ज्य करा. देव रागावल्याचं अजून कानावर नाही.

कपडे

हे माझं क्षेत्र, म्हणून ठामपणे सांगते. जे अंगाला बसत नाही ते कपाटातून काढा. "बारीक झाल्यावर घालीन" म्हणून टांगलेला ब्लाउज रोज सकाळी दार उघडताना टोमणा मारतो. शिवणीत कापड असेल तर उसवून घ्या. नसेल तर काखेखाली त्याच रंगाची पट्टी लावता येते, पदराखाली दिसत नाही. तेही जमणार नसेल तर देऊन टाका. दोन-तीन रोजचे कपडे आजच्या मापाचे, सैल, श्वास घेता येईल असे शिवून घ्या. कमरेत काचणारा परकर घालून पोटाचं साकु ऐकू येत नाही. नाडी सोडली की निम्म्या बायकांना दुपारी भूक कळायला लागते, हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

चालण्याबद्दल एवढंच, की जेवणाची शिक्षा म्हणून चालू नका. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी झाडांखाली चालणाऱ्या बायका बघा. ज्या हातातलं घड्याळ बघत दात-ओठ खात चालतात त्या दोन महिन्यांत गायब होतात. ज्या गप्पा मारत चालतात त्या पुढच्या पावसाळ्यातही दिसतात.

घसरलात तर

घसरणारच. लग्नसराई असते, जत्रा असते, घरात कुणी आजारी असतं. एखाद्या रात्री डबा रिकामा होतो. दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट करायची: आठचा नाश्ता आठला. उपाशी राहून "भरपाई" केली की त्याच रात्री पुन्हा डबा उघडला जातो. मी वहीत तारखा लिहून बघितलं होतं. ज्या ज्या रात्री डबा रिकामा झाला, त्या प्रत्येक दिवशी दुपारचं जेवण चुकलेलं होतं.

हे होऊनही आठवड्यातून दोन-तीनदा ताबा सुटत असेल आणि मग स्वतःची किळस येत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार असतात. वर दिलेला नंबर त्यासाठीच आहे.

वजनाचं काय झालं?

सगळ्याजणी शेवटी हेच विचारतात, तेव्हा लपवत नाही. पहिल्या पाच महिन्यांत माझं चार किलो वाढलं, असं दवाखान्याच्या काट्यावर दिसलं. मग थांबलं. आता दोन वर्षं तिथंच घुटमळतंय. कुणाचं थोडं उतरतं, कुणाचं आहे तिथंच राहतं, आधी कुणालाच सांगता येत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हिमोग्लोबिन ८.९ वरून ११.८ वर आलं. जिना चढते. दुपारी मशीनवर डुलक्या येत नाहीत. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा तपासते आणि त्या आकड्यांवरून डॉक्टरांशी बोलते, काट्यावरून नाही.

गेल्या महिन्यात वडगावची एक जुनी गिऱ्हाईक भाचीच्या लग्नाचं ब्लाउजपीस घेऊन आली. टेप कमरेभोवती फिरवली तर पोट आत न ओढता सरळ उभी राहिली. "साडेतेहतीस," मी म्हटलं. "तेवढंच लिही," ती म्हणाली. लिहिलं. आत इंचभर कापड मात्र सोडलंच. सुती होतं, पहिल्या धुण्यात आटतं.